फ्लेक्स काढायचा कोणी? दवंडी, आकाशचिन्ह आणि काष्टीतला एक बॅनर

ज्यांचा हेडफोन दौंड स्टेशनच्या गर्दीत हरवला, ज्यांचा डेटा संपला किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिहिलेला मजकूर. बोलताना मी जिथं अडखळलो ते सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय फ्लेक्स. म्हणजे दुकानाचं उद्घाटन, सेल, "भव्य शुभारंभ", "एकदा अवश्य भेट द्या" असे जे तात्पुरते बॅनर रस्त्याकडेला लागतात ते. वाढदिवसाचे आणि "भावी आमदार"वाले फ्लेक्स आज बाजूला ठेवू, त्यांच्यावर मीम्स भरपूर आहेत. धंद्याच्या साध्या बॅनरला परवानगी लागते का, कोणाची लागते आणि हा नियम मुळात आला कुठून, एवढंच आज बघायचंय. सुरुवात मात्र माझ्याच घरातून करतो, कारण चूक आमची होती.

गुढीपाडव्याला माझ्या चुलत भावानं, म्हणजे दादानं, काष्टीत पशुखाद्याचं दुकान सुरू केलं. काष्टी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ पासून), श्रीगोंदा तालुका, नगर-दौंड रस्त्यावरचं गाव. शनिवारी इथं जनावरांचा बाजार भरतो आणि त्या बाजारामुळं काष्टीचं नाव लांबच्या जिल्ह्यांतही माहीत असतं. बैल बघायला आलेला माणूस जाताना पेंड, सरकी, मिनरल मिक्श्चर घेऊन जाईल, असा दादाचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. फक्त त्या माणसाला दुकान दिसायला पाहिजे होतं, कारण ते रस्त्यापासून जरा आत आहे.

मग फ्लेक्स. डिझाईन मीच केलं, कारण घरात इंजिनिअर असला की बॅनर, पासपोर्ट, आयटीआर आणि वायफाय ही सगळी त्याचीच कामं. दहा बाय आठचा फ्लेक्स, डावीकडे दादा, उजवीकडे खिल्लार बैल, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत बारा फोटो आणि त्यात सातवा मी, गॉगल लावून. वळणावर दोन बांबू रोवले, मागं लाकडी पट्ट्यांची फ्रेम, वर बाइंडिंग वायर. मीच बांधला. उद्घाटन झालं, पेढे वाटले, मी पुण्याला निघून गेलो.

फ्लेक्स तिथंच राहिला. पाडवा गेला, बैसाख आला. मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं, एक बांबू मोडला आणि सगळी फ्रेम फिरून रस्त्यावर आली. नेमका त्याच वेळी मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन एक जण चालला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून हा भाग मी करू शकतोय.

दवाखान्याचा खर्च दादानं केला. पोलिसांत कोणी गेलं नाही. पंधरा दिवसांनी ते दूधवाले काका गळ्यात हात अडकवून पेंड घ्यायला दुकानात आले आणि एवढंच म्हणाले, "काढायचा राहिला व्हता का?"

परवानगी होती का, असं त्यांनी विचारलं नाही. काढायचा राहिला होता का, हे विचारलं. मी तेव्हापासून कायदे, निकाल, नियमावल्या असं जे दिसेल ते वाचत सुटलो आणि मला वाटतं, बॅनरच्या नियमांचा दीडशे वर्षांचा इतिहास त्यांच्या त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतो.

आता मागं जाऊ.

बाजाराच्या गावात जाहीर करायची जुनी पद्धत म्हणजे दवंडी. हलगी किंवा डफ वाजवायचा, चार माणसं थांबली की ओरडून सांगायचं आणि पुढच्या आळीला जायचं. गावात कोतवालाकडं हे काम असायचं. ही गोष्ट कायद्यातही शिरलेली आहे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून बघा, जमीन जप्त केल्याचं जाहीर कसं करायचं तर ढोल वाजवून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणं, असं त्यात लिहिलेलं आहे. दवंडीची खुबी काय? आवाज थांबला की जाहिरात संपली. काढायला कोणी यावं लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ओटीपीसारखं, आपोआप मरणारं.

नंतर आला रंग आणि ब्रश. महाराष्ट्रात हे काम करणारी माणसं साधी नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं आडनावच पेंटर पडलं. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. आमच्याकडचे पेंटर काका अर्थात एवढे मोठे नव्हते, पण दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, शाळेची भिंत आणि लग्नातला "सुस्वागतम्"चा कापडी बॅनर हे सगळं त्यांच्याच हातचं. त्या मांजरपाटाच्या बॅनरलाही एक आयुष्य असायचं. दोन पावसांत रंग ओघळायचा, कापड सडायचं, कोणीतरी त्याची पिशवी शिवायचं. आणि एक बॅनर रंगवायला दोन दिवस लागायचे, त्यामुळं गावात एका वेळी लागून लागून किती लागणार?

हे सांगायचं कारण असं की आपले बॅनरचे कायदे या काळाच्या डोळ्यांनी लिहिलेले आहेत.

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये तुम्हाला फलकाची परवानगी काढायची असेल तर ज्या विभागाकडं जावं लागतं त्याचं नाव काय? आकाशचिन्ह व परवाना विभाग. पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा मला वाटलं हे पत्रिकेचं किंवा विमानतळाचं काहीतरी असावं. आकाशचिन्ह! इतका सुंदर शब्द आणि कामं काय, तर सेलच्या बॅनरची फी भरून घेणं.

हा शब्द म्हणजे इंग्रजी "स्काय साइन"चं भाषांतर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये व्यापाऱ्यांनी इमारतींच्या छपरांवर लोखंडी सांगाडे उभारून त्यावर मोठमोठी अक्षरं लावायला सुरुवात केली. खालून बघितलं की ती अक्षरं थेट आकाशावर लिहिल्यासारखी दिसायची, म्हणून स्काय साइन. लोकांना दोन तक्रारी होत्या, एक म्हणजे शहर विद्रूप दिसतं आणि दुसरी म्हणजे वारं आलं की हे डोक्यात पडेल. १८९१ मध्ये लंडनसाठी स्काय साइन्सचा स्वतंत्र कायदा झाला. तीच कल्पना बोटीतून मुंबईला आली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आज जे कलम ३२८ आहे ते आकाशचिन्हांचं आणि ३२८अ जाहिरातींचं. पुढं मुंबईबाहेरच्या शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका कायदा आला, त्यात हीच दोन कलमं २४४ आणि २४५ म्हणून बसली. पुणे, नगर, नाशिक, सगळीकडचा फलक आजही याच दोन आकड्यांखाली येतो.

कलम ३२८ ची व्याख्या वाचायला मजा येते. जी जाहिरात खांब, डांब किंवा सांगाड्याच्या आधारानं इमारतीवर उभी आहे आणि रस्त्यावरच्या कुठल्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, ते आकाशचिन्ह. फुगा आणि पॅराशूटही त्यात आहे, कारण तेव्हा फुग्यांवर जाहिराती करायची हौस होती. आणि परवानगी किती काळाची? एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. म्हणजे मुदतीची कल्पना तेव्हापासून आहे. कायमचा फलक असं कायद्याच्या लेखी काही नव्हतंच.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा एका अपवादात आहे. रेल्वेला सूट दिलेली आहे. रेल्वेच्या हद्दीत, फक्त रेल्वेच्याच कामाचा फलक असेल तर तो आकाशचिन्ह धरायचा नाही. मात्र एक अट: तो अशा ठिकाणी पाहिजे की पडला तर रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही.

थांबा, हे परत वाचा. पडला तर कुठं पडेल, याचा विचार त्या जुन्या मसुदा लिहिणाऱ्यानं केला होता. जागा कोणाची, फी किती, मजकूर काय, याच्या आधी पडण्याची दिशा.

५ ऑक्टोबर २०१८. पुण्यात जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकात, रेल्वेच्या जागेवरच्या होर्डिंगचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर कोसळला. चार माणसं गेली. आणि तो सांगाडा वाऱ्यानं पडला नाही, तो काढण्याचं काम चालू असताना पडला. काढणं हे लावण्याइतकंच कसबाचं काम आहे, हे आपण अजून मानत नाही.

बरं, फ्लेक्सकडं येतो. साधारण २००० नंतरच्या दशकात डिजिटल प्रिंटिंगची मशीनं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि पेंटर काकांचा धंदा बघता बघता बसला. कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ, पेनड्राइव्हमधून फोटो, एका तासात फ्लेक्स हातात. आमचा दहा बाय आठचा फ्लेक्स हजार रुपयांच्या आत झाला होता. पेंटर काकांनी तेवढ्यात रंगाचे डबेही उघडले नसते. आता फोटो लावायला वेगळे पैसे नाहीत म्हटल्यावर बारा शुभेच्छुक येणारच. पेंटरला बारा चेहरे रंगवायला सांगितले असते तर त्यानं ब्रश फेकून मारला असता.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो पावसात ओघळत नाही, कुजत नाही. आमच्या भागात त्याचा दुसरा जन्म ठरलेला आहे: कांद्याच्या ढिगावर, कडब्याच्या गंजीवर, बाजारात शेळ्यांच्या टेम्पोवर. एखादा हसतमुख नेता पावसाळाभर कांदे राखत बसलेला असतो. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली त्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे आणि पीव्हीसीचे बॅनरही आहेत. पण आपल्याकडचा नेहमीचा फ्लेक्स यापेक्षा जाड असतो. म्हणजे जो लवकर फाटेल तो बंद आणि जो वर्षानुवर्षं टिकेल तो चालू. नियम करणाऱ्यांचा हेतू कचरा गोळा करता यावा हा होता, ते मला समजतं. तरी हसू येतं.

तर या न मरणाऱ्या वस्तूसाठी कायदा काय म्हणतो?

१९९५ मध्ये महाराष्ट्रानं मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा केला. लोकांच्या नजरेत येणारी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेकायदा फ्लेक्सवर महापालिका आजही गुन्हा दाखल करतात तो बहुतेक याच कायद्याखाली. १९९५ मध्ये २००० रुपये ही रक्कम होती. आज तो चांगल्या मोठ्या फ्लेक्सचा छपाई खर्च आहे.

महानगरपालिकांसाठी जाहिरात फलकांचे नियम २००३ मध्ये आले आणि २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मधे २०१७ ला जीएसटी आला. त्याच्यासाठी जी १०१ वी घटनादुरुस्ती झाली तिनं राज्याच्या यादीतला जाहिरातींवरच्या कराचा विषयच काढून टाकला. तेव्हापासून शहरं जाहिरात "कर" नाही, परवाना "शुल्क" घेतात. आपल्या खिशातून जाणारी नोट तीच, पण वकिलांना यात वर्षानुवर्षांचं काम मिळालेलं आहे.

शहरात तात्पुरत्या बॅनरसाठी अर्ज करायचा तर साधारण काय लागतं? जागा, आकार, किती दिवस, जागेच्या मालकाचं नाहरकत, रस्त्यालगत असेल तर वाहतूक पोलिसांचं नाहरकत आणि शुल्क. फूटपाथ, सिग्नल, झाडं, विजेचे खांब यांवर बांधायचं नाही. यातलं अवघड काही नाही. एखादं अॅप बनवायचं म्हटलं तर आमच्यातला फ्रेशर पोरगा दोन आठवड्यांत बनवेल, आणि मी स्वतः काही दिवस त्याच विचारात होतो. मग लक्षात आलं की फॉर्मची अडचण नाहीच. जो अर्ज करतो त्याचं नाव, पत्ता, मोबाईल यंत्रणेला मिळतो, त्यामुळं नोटीस त्यालाच जाते. जो रात्री अकराला शिडी लावून बांधून जातो तो यंत्रणेला दिसतच नाही. सरळ चालणाऱ्या दुकानदाराला हे बरोबर कळतं.

यावर पहिला जोरदार दणका दिला तो मुंबईच्या नव्हे, साताऱ्याच्या लोकांनी. सुस्वराज्य फाउंडेशन या साताऱ्याच्या संस्थेनं २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, क्रमांक १५५. ३१ जानेवारी २०१७ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांनी निकाल दिला. बेकायदा होर्डिंग आणि बॅनर हटवायची जबाबदारी महापालिका-नगरपालिकांवर टाकली, तक्रारीची सोय करायला लावली, गुन्हे नोंदवायला सांगितलं. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट साधी आहे: परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावरच दिसली पाहिजे.

म्हणजे बॅनरनं स्वतःच सांगायचं की मी कोणाचा आणि मी कधी मरणार.

ही काही नवी कल्पना नाही. १८६७ चा छापखान्यांचा कायदा सांगत होता की छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण पाहिजे. निवडणुकीच्या पत्रकांवर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो तो १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ मुळं. तुम्ही निवडणुकीचं पत्रक उलटं करून बघा, कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रेसचं नाव असतं. दुकानाच्या फ्लेक्सवर मात्र प्रिंटरचं नाव असतं ते त्याच्या स्वतःच्या जाहिरातीसाठी, मोबाईल नंबरसकट.

निकालानंतर सगळं बदललं का? तुमच्या चौकात बघा. त्या निकालाच्या अंमलबजावणीवरून अवमानाची प्रकरणं पुढं अनेक वर्षं त्याच न्यायालयात चालत राहिली आणि न्यायमूर्ती वैतागत राहिले.

आणि मधल्या काळात माणसं मरत राहिली. १२ सप्टेंबर २०१९ ला चेन्नईत एक तेवीस वर्षांची मुलगी कामावरून स्कूटरवर घरी चालली होती. रस्त्याच्या दुभाजकावर लग्नाच्या स्वागताचे बॅनर लावलेले होते, त्यातला एक तिच्यावर पडला, तोल गेला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. ती सॉफ्टवेअर इंजिनिअर होती. ही बातमी तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली होती, फॉरवर्डही केली होती, "काय देश आहे" असं वर लिहून. आमच्या फ्लेक्सचे बांबू रोवताना ती मला आठवली नाही.

१७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळे इथं वादळात होर्डिंग पडून पाच जण गेले. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्याच्याखाली थांबले होते. १३ मे २०२४ चं घाटकोपर तुम्हाला माहीतच आहे. सतरा माणसं. मुंबईत परवानगी मिळते जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची, तो उभा होता १२० बाय १२०. नऊपट क्षेत्रफळ. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, आणि महापालिकेचं म्हणणं की आमची परवानगी घेतलेलीच नाही. म्हणजे परत तीच जुनी पळवाट, जमीन आमची म्हणून तुमचा नियम लागू नाही. वाऱ्याला सात-बारा वाचता येत नाही.

तुम्ही म्हणाल, कुठं घाटकोपर आणि कुठं तुमचा दहा बाय आठ. मी बीटेकला शिकलेलं थोडं आठवून ढोबळ हिशेब केला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशी चौरस फुटांच्या सपाट फ्लेक्सवर ताशी ६० किलोमीटरचं वारं समोरून आलं तर साधारण सव्वाशे किलोचा जोर येतो. वारं ताशी ९० झालं की पावणेतीनशे किलो. हे सगळं आम्ही दोन बांबूंवर आणि बाइंडिंग वायरवर सोडून पेढे खायला गेलो होतो. अनुभवी लोक फ्लेक्सला मधेमधे काप देतात, वारं आरपार जावं म्हणून. दादानं सुचवलंही होतं. मी म्हणालो, डिझाईन खराब दिसेल.

आता काष्टीचा प्रश्न. आपण आत्तापर्यंत जे कायदे बघितले, २४४, २४५, २०२२ चे नियम, ते महानगरपालिकांचे. एका बाजूला श्रीगोंदा, दुसऱ्या बाजूला दौंड, दोन्हीकडं नगरपरिषदा, त्यांचा कायदा १९६५ चा. मधे काष्टी, बाजारपेठ चांगली मोठी, पण कायद्यानं गाव. गावाला लागू होतो ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चा. त्याच्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण हटवायचा अधिकार पंचायतीला आहे. म्हणजे फ्लेक्स पंचायतीच्या रस्त्यात आला तर ती काढू शकते. पण तात्पुरत्या बॅनरचा आकार, अंतर, दिवस, बांधणी अशी शहरासारखी बारीक नियमावली त्या कायद्यात शोधली तर हाती काही लागत नाही. आणि आमचा फ्लेक्स होता मोठ्या रस्त्याच्या कडेला. राज्याचा रस्ता असेल तर १९५५ चा मुंबई महामार्ग कायदा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याच्या जमिनीसाठी २००२ चा वेगळा कायदा. रस्त्याच्या हद्दीत पंचायतीचं नाहरकत असून पुरत नाही. दहा फुटांच्या फ्लेक्सचा एक बांबू एकाच्या हद्दीत आणि दुसरा दुसऱ्याच्या, असं सहज होऊ शकतं.

मग कोणी म्हणेल, गावाकडं कायदा पोचतच नाही, सोडून द्या. हे मात्र खरं नाही आणि याचा पुरावा प्रत्येक निवडणुकीत दिसतो. आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाचं घड्याळ सुरू होतं: सरकारी इमारतींवरचे अनधिकृत राजकीय फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत, खासगी जागेवरचे ७२ तासांत खाली. तीन दिवसांत जिल्हा धुतल्यासारखा होतो. तीच यंत्रणा, तीच माणसं, तीच शिडी. फरक एवढाच की तेव्हा काढायचं काम कोणाचं आहे, किती तासांत आहे आणि झालं नाही तर उत्तर कोण देणार, हे आधी लिहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर गावाला शहराची सगळी नियमावली उचलून आणायची गरज नाही. शनिवारच्या बाजाराला आलेल्या शेळीवाल्यानं फलकासाठी तीन नाहरकती आणाव्यात, हे कोणालाच परवडणार नाही, आणि तसं झालं तर जो तो रात्री अकराची शिडीच पसंत करेल. पंचायतीनं ग्रामसभेत एक साधा ठराव करावा. रस्त्यापासून इतकं अंतर, इतका आकार, इतके दिवस, कोपऱ्यात नाव आणि काढायची तारीख, आणि थोडी अनामत जी फ्लेक्स उतरवून दाखवला की परत मिळेल. अनामत महत्त्वाची. दंडाला कोणी घाबरत नाही, पण स्वतःचे पाचशे रुपये परत घ्यायला माणूस शिडी नक्की शोधतो. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पेंडीच्या रिकाम्या पोत्याचं करतो तसंच की."

दिवाळीला त्यानं सेल लावला. या वेळी रस्त्यावर काही नाही, दुकानाच्या स्वतःच्या भिंतीवर सहा बाय तीन, खिळ्यांनी ठोकलेला. शुभेच्छुक कापले, मीही कापला गेलो. डिझाईन करताना मी खाली उजवीकडं "काढण्याची तारीख" टाकली. फ्लेक्सवाल्याचा फोन आला की हे चुकून आलंय का, बॅनरला कुठं एक्सपायरी असते का. दादानं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "पशुखाद्याच्या गोणीवर असती की. छाप तू."

जुना फ्लेक्स आता आमच्या कडब्याच्या गंजीवर आहे. माझा गॉगलवाला फोटो बरोबर कोपऱ्यात येतो, त्याच्यावर दगड ठेवलाय.

मागच्या शनिवारी मी गावी होतो. बाजाराची गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दूधवाले काका आले, हात आता बरा आहे, किटली उचलतात. पोतं मोटारसायकलला बांधलं, जाता जाता भिंतीकडं बघून थांबले आणि खालची बारीक ओळ डोळे बारीक करून वाचली.

"तारीख तर गुरुवारचीच हाय की रं," ते म्हणाले.

दादा गिऱ्हाईक सोडून शिडी आणायला गेला.